उंडीचा शेंडा दर ऑक्टोबरला वाळतो? वर बघण्याआधी बुंध्याशी खणून बघा

दर वर्षी नवरात्र संपलं की मला कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "ताई, उंडीची पानं करपायला लागली, शेंडा वाळतोय, काय फवारू?" गेल्या नऊ वर्षांत नवी मुंबईत नेरुळ, सीवूड्स, ऐरोली आणि ठाण्याला कोलशेतच्या बाजूला मिळून वीस-बावीस झाडं तरी मी अशी बघितली असतील, आणि त्यातल्या बहुतेकांचं दुखणं मातीत निघालं, पानात काहीच नव्हतं. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा नीट लिहून ठेवावं.

आधी झाड उंडीचंच आहे ना ते बघून घ्या, कारण नर्सरीत ते सुलतान चंपा म्हणून पण विकतात, कुणी पुन्नाग म्हणतं, आणि लोक घरी आणून चाफा समजून वाढवतात. एक पान उन्हाकडे धरा. मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना एकमेकींना चिकटून गेलेल्या बारीक समांतर रेषा दिसल्या, अगदी कंगव्याच्या दातांसारख्या, तर ती उंडी. पान जाड, चकचकीत, समोरासमोर जोडीने येतं, आणि देठ मोडला की चीक येतो. शास्त्रीय नाव कॅलोफायलम, ग्रीक भाषेत त्याचा अर्थच सुंदर पान असा आहे आणि ज्याने ठेवलं त्याने झाड नीट बघितलं होतं असं मला दर वेळी वाटतं. फूल पांढरं, रुपयाच्या नाण्याएवढं, मधे पिवळ्याधम्मक केसरांचा झुपका, वास गोड पण जड नाही. माझं माहेर मुरुडचं, तिथे किनाऱ्यावर उंडी समुद्राकडे झुकून उभ्या असतात, सकाळी खाली सडा पडलेला असतो. आजी सांगायची की तिच्या लहानपणी दिव्यात उंडीचंच तेल असायचं आणि तेच तेल होडीच्या लाकडाला पण चोपडायचे. हे सांगायचं कारण एवढंच की हे झाड मुळात किनाऱ्याचं आहे, वाळूतलं, वाऱ्यातलं, त्याला खारी हवा चालते. मग खाडीपासून अर्ध्या किलोमीटरवर ते का रडतं, हा प्रश्न मला पण सुरुवातीला पडला होता.

लक्षणं काय दिसतात

साधारण याच क्रमाने दिसतात. पाऊस थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पानांच्या कडा तपकिरी होतात, टोकाकडून आत. मग सगळ्यात वरच्या फांद्यांची पानं गळतात आणि टोकं काठीसारखी उघडी पडतात, ह्याला शेंडेमर म्हणतात. खालची पानं मात्र हिरवी राहतात म्हणून लोकांना वाटतं की वर काहीतरी कीड लागली. नवीन पालवी छोटी येते. कळ्या धरल्या असतील तर उघडायच्या आधीच पडतात. फेब्रुवारीपर्यंत झाड जरा सावरतं, जूनमध्ये बरं दिसतं, सगळे विसरतात आणि पुढच्या ऑक्टोबरला परत तेच.

हे दर वर्षी परत येणंच महत्त्वाचं आहे. कीड असती तर तिला ऑक्टोबरचाच मुहूर्त कशाला लागला असता. होतं असं की जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे माती नुसती भिजत पडते, मातीतली हवा संपते, आणि मुळांना पण श्वास घ्यायला हवा लागते, त्यामुळे केसासारखी बारीक मुळं कुजतात. पाणी ओढायचं काम तीच करतात. पण तेव्हा आभाळ भरलेलं, हवा दमट, पानातून पाणी फारसं उडतच नाही म्हणून झाडाला कमी पडत नाही आणि आपल्याला वर काही दिसत नाही. मग ऑक्टोबर हीट सुरू होते, पानं एकदम जास्त पाणी मागतात, आणि खाली मुळं अर्धीच उरलेली. सगळ्यात लांब काय, तर शेंडा आणि पानाची कड, पाणी तिथे पोचत नाही. म्हणजे दुखणं ऑगस्टचं असतं, दिसतं ऑक्टोबरला. हे एकदा कळलं की औषधाच्या बाटलीकडे हात जात नाही.

मुरुडच्या वाळूत पाऊस काय कमी पडतो का, पण वाळूतून पाणी तासाभरात खाली जातं आणि मागे हवा शिरते. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या दलदलीवर आणि मिठागरांवर भराव टाकून झालाय, खाली काळी चिकट माती, वर मुरूम नाहीतर डेब्रिज, त्यावर फूटभर लाल माती. अशा जागी झाडाचा खड्डा म्हणजे पाण्याने भरलेली बादलीच होते.

आता तपासण्या. पैसे न लागणाऱ्या आधी

सगळ्यात आधी नखाने फांदी खरवडा. वाळलेल्या टोकापासून सुरू करा आणि खाली खाली या, साल जराशी खरवडली की आत हिरवं दिसतं का बघा. जिथे हिरवं लागलं तिथून खाली फांदी जिवंत आहे. हे अशासाठी की बरेच लोक पानं गेली म्हणून झाड गेलं समजतात आणि कापून मोकळे होतात. कोपरखैरण्याला एका सोसायटीत दहा फुटी उंडी काढायचं मीटिंगमध्ये ठरलं पण होतं, मी खरवडून दाखवलं तर वरचा दीड फूट सोडला तर सगळं हिरवं. ते झाड आज दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागलंय. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, खूप चुरचुरतो, आणि हात धुवा.

आणि हे पण बघा की खरंच बिघाड आहे का. आतल्या बाजूची, म्हातारी पानं एकेक पिवळी होऊन पडणं अगदी नॉर्मल आहे. वाढ हळू असणं पण नॉर्मल, उंडी मुळातच सावकाश वाढते, शेजारच्या गुलमोहराशी तिची बरोबरी करू नका.

दुसरं, बोट मातीत घाला. नाहीतर जुना लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, वीतभर खाली जाऊ द्या, बाहेर काढून हात लावा आणि वास घ्या. ओला आणि कुबट वास, गटारासारखा, म्हणजे खाली हवा नाही, पाणी ताबडतोब बंद. कोरडा ठणठणीत आणि आतच जात नाही म्हणजे माती दगड झालीय, पाणी वरून वाहून जातंय. ही तपासणी आधी करायची कारण कडा करपलेलं पान दोन्हीकडे सारखंच दिसतं, आणि माळीदादा ते बघून प्रत्येक वेळी पाणीच वाढवतात. जास्त पाण्याने करपलेल्या झाडाला अजून पाणी, मग ते अजून करपतं, अजून पाणी. मी हे इतक्या वेळा बघितलंय! ड्रिपला टायमर असेल तर तो पावसाळ्यात बंद केला होता का विचारा. बहुतेक ठिकाणी केलेला नसतो.

बुंधा: इथे घाई करू नका

मला एकच तपासणी करायची परवानगी दिली तर मी हीच करीन.

थोडं लांब उभं राहून खोड मातीत कसं शिरतं ते बघा. नीट लावलेल्या झाडाचं खोड जमिनीशी पसरतं, हत्तीच्या पायासारखं, मुळं फुटायला लागतात तो भाग डोळ्यांना दिसतो. खोड जर विजेच्या खांबासारखं सरळ मातीत शिरत असेल तर ते गाडलं गेलंय. आपल्या सोसायट्यांमध्ये हे कसं होतं सांगते. दोन-तीन वर्षांनी लॉन उजाड पडतं, कुणीतरी लाल मातीचा ट्रक मागवतं, सगळीकडे चार इंच पसरतात, झाडांच्या बुंध्याशी पण. परत तीन वर्षांनी तेच. नेरुळला आमच्याच गेटजवळच्या उंडीचा मूळ बुंधा मला अकरा इंच खाली सापडला होता, आणि सालीला हात लावला तर ती ओल्या पुठ्ठ्यासारखी. खोडाची साल हवेत राहायला बनलेली असते, सतत ओल्या मातीत ती कुजते, आणि पानात तयार झालेलं अन्न सालीतूनच खाली मुळांकडे जातं, त्यामुळे साल गेली की मुळं उपाशी. शिवाय आधीच्या मुळांवर फूटभर जास्तीचा थर आल्यावर त्यांच्यापर्यंत हवा काय पोचणार.

उपाय फुकट आहे पण हाताने करायचा. कुदळ अजिबात नको. खुरपं आणि हात, आणि शेवटी जुना पेंटचा ब्रश. खोडापासून बाहेरच्या दिशेने माती ओढायची, पसरलेला भाग दिसेपर्यंत. झाड जुनं असेल आणि बरंच खोल गाडलेलं असेल तर एका दिवसात सगळं उघडं करू नका, वरच्या नव्या मातीत पण काही मुळं आलेली असतात, ती एकदम गेली तर झाडाला दुसरा धक्का. दोन-तीन महिन्यांत टप्प्याटप्प्याने करा, संध्याकाळी करा, आणि मे महिन्यात करू नका. काढलेली माती तिथेच गोल बांध घालून ठेवली तर पावसात परत आत येते, म्हणून घमेल्याने उचलून लांब न्या. आळं करायचं तर खोडापासून दोन-तीन फूट लांब, मधला भाग जरासा उंच, म्हणजे पाणी बुंध्याशी थांबत नाही. पालापाचोळा घाला, जरूर घाला, पण खोडापासून एक वीत सोडून.

खणताना अजून दोन गोष्टी सापडतात. एक म्हणजे सुतळी, काथ्या, नायलॉन दोरी, वायर. लावताना आधाराला बांधलेली दोरी कुणी सोडत नाही, खोड जाड होतं आणि दोरी आत रुतते. घोडबंदर रोडला एका झाडाच्या आत दिवाळीच्या लाइटिंगची वायर गेलेली होती, बाहेरून दिसतच नव्हती, नुसता फुगवटा दिसत होता. वरवर असेल तर कापून काढा. साल तिच्यावरून मिटली असेल तर ओढू नका, कापता येईल तेवढीच कापा आणि बाकीची राहू दे. लोखंडी ट्री गार्ड खोडाला टेकत असेल तर तो पण काढा, त्याचं काम पहिल्या तीन-चार वर्षांपुरतंच असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे खोडालाच गोल वेढा घालणारी मुळं. झाड नर्सरीच्या पिशवीत फार दिवस राहिलं की मूळ तळाशी पोचून गोल फिरायला लागतं, आणि जमिनीत लावल्यावर पण तसंच फिरत राहतं. करंगळीएवढं बारीक असेल तर धारदार कटरने कापा. अंगठ्यापेक्षा जाड असेल तर हात लावू नका, त्याच्यावर झाड उभं असू शकतं.

पेव्हर ब्लॉक खोडाला चिकटून बसवले असतील तर सगळ्या बाजूंनी मीटरभर तरी काढायला लावा. कमिटी आधी नाही म्हणते, पार्किंग जातं म्हणून. मी त्यांना फक्त वरचा वाळलेला शेंडा आणि खालचा ब्लॉक एकाच फोटोत दाखवते. गेरू आणि चुन्याचे पट्टे मारले असतील तर त्याने काही होत नाही, त्यावरून माळीदादांशी वाद घालू नका.

थोडेसे पैसे लागणाऱ्या तपासण्या

बुंधा ठीक असेल तर पाण्याकडे या. बोअरवेलचं आहे की एसटीपीचं, म्हणजे सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं? खाडीजवळच्या बोअरला बरेचदा खारं पाणी लागतं, आणि एसटीपीच्या पाण्यात साबण-डिटर्जंटमधून आलेलं सोडियम असतं. लोक म्हणतात उंडी तर समुद्राकाठची, तिला मीठ चालतं. चालतं, पानावरचा खारा वारा चालतो कारण पान जाड आणि मेणचट आहे, आणि वाळूतलं मीठ प्रत्येक पावसात धुऊन जातं. चिकट मातीत ते जात नाही, ऑक्टोबर ते मे रोज थोडं थोडं साठत राहतं, आणि सोडियमने चिकट माती अजून घट्ट होते. कुंडीत किंवा पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरच्या बागेत, तर फार लवकर साठतं. माती सुकल्यावर वर पांढरी पापडी दिसते का बघा. दिसली तर ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत टीडीएस मीटर मिळतो तो घ्या, पाण्यात विरघळलेले क्षार किती आहेत ते तो पीपीएममध्ये दाखवतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० ही चांगली मर्यादा आणि दुसरी सोयच नसेल तर २००० आहे, मी झाडांसाठी पण अंदाजाला तेच आकडे धरते. ५०० च्या आत असेल तर पाण्याला दोष देऊ नका. २००० च्या वर असेल तर ते पाणी उंडीला बंद करा, आठवड्यातून एकदा महापालिकेचं गोडं पाणी द्या, पण भरपूर आणि हळूहळू, म्हणजे मीठ मुळांच्या खाली जाईल. रोज तांब्याभर पाण्याने मीठ वरच राहतं.

मग निचरा. झाडापासून तीन-चार फुटांवर फूटभर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा आणि घड्याळ लावा. तासाला इंचभर पातळी उतरत असेल तर बरं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच दिसलं तर तुमचं उत्तर मिळालं. उपायाला एक माणूस, एक पहार आणि एक रविवार लागतो. झाडाच्या आळ्याच्या कडेपासून बाहेर, सायकलच्या आऱ्यांसारखे चार-पाच चर काढायचे, वीतभर रुंद, फूट-दीड फूट खोल, मधे जाड मूळ लागलं तर चर वळवून घ्यायचा, आणि त्यात जाड रेती आणि कुजलेला पाला भरायचा. एका चराला तरी उतार देऊन पाणी गटाराकडे काढा. हे काम एप्रिल-मेमध्ये उरकलं तर पावसाळ्याआधी होतं, पण मग दुपारची वेळ टाळा आणि चर उघडे ठेवू नका.

कीड मी शेवटी बघते. पिठ्या ढेकूण किंवा खवले किडा असेल तर मुंग्यांची रांग आणि पानांवर चिकट काळं दिसतं, तेव्हा साबणाचं पाणी जोरात मारा, आठवड्याने परत. अशक्त झाडावरच त्या जास्त बसतात, त्यामुळे किडी गेल्या म्हणून खालचं काम सोडू नका. खतापासून मात्र लांब राहा, विशेषतः युरिया. मुळं अर्धी असताना खत घातलं की वर पानं फुटतात आणि त्यांना पाणी द्यायला खाली कुणी नसतं. पालवी नीट दिसायला लागली की दोन घमेली शेणखत, बास.

फूलच येत नाही, त्याचं काय

ही तक्रार वेगळी. बियांपासून केलेली उंडी साधारण सात-आठ वर्षांनी फुलायला लागते, त्याआधी काळजी करू नका. त्यानंतर पण येत नसेल तर सावली बघा, दोन टॉवरच्या मधे दिवसाचं दोन तास ऊन मिळत असेल तर फुलं कमीच येणार. आणि छाटणी. फुलांचे घोस फांद्यांच्या टोकाकडच्या पानांच्या बेचक्यातून येतात, आणि मान्सूनपूर्व छाटणीत नेमकी तीच टोकं सगळीकडून सारखी कापतात. गाडीला, खिडकीला लागणारी फांदी काढा, बाकी झाडाला गोल आकार द्यायचा मोह टाळा. उंडी न कापताच सुंदर घुमटी धरते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

हे मी अगदी कळकळीने सांगतेय, कारण पडलेलं झाड मी बघितलंय. बुंध्याशी फळीसारखी कडक बुरशी उगवली असेल, खोड ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, झाड आधीपेक्षा जास्त कललं असेल किंवा कललेल्या बाजूच्या उलट जमीन भेगाळून उचलली गेली असेल, तर खणू नका. खालच्या गाड्या हलवा आणि त्याच दिवशी महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा. केबल किंवा पाइपलाइनसाठी एका बाजूची मुळं कापली गेली असतील तरी तसंच. सगळ्याच फांद्यांची पानं आठ-दहा दिवसांत एकदम लोंबली आणि बुंध्याशी काहीच सापडलं नाही, किंवा खोडाला भोकं पडून भुसा आणि चीक गळतोय, तर झाडांचा डॉक्टर बोलवा, आर्बोरिस्ट म्हणतात त्यांना. नुसता फांद्या तोडणारा कंत्राटदार नको, त्याला कापायचे पैसे मिळतात. विजेच्या तारेजवळची फांदी आणि शिडी लागेल एवढी उंची, दोन्ही आपलं काम नाही. साल गोलाकार अर्ध्यापेक्षा जास्त कुजलेली सापडली तरी मी स्वतः हात मागे घेते.

झाड तुमच्या कंपाउंडमधलं असलं तरी तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, महाराष्ट्रात शहरांसाठी १९७५ चा कायदाच आहे, आणि झाडाला इजा करणं पण त्यातच येतं. मोठ्या छाटणीआधी पण विचारून घ्या.

झाड गेलंच असेल तर परत उंडीच लावा, पण भरावाच्या जागी खड्ड्यात न लावता दीड फूट उंच वरंब्यावर लावा. बी मिळालं तर अजून चांगलं. बाहेरचं टणक कवच हलक्या हाताने फोडून आतला गर अख्खा काढून पेरला तर तीन आठवड्यांच्या आसपास रुजतो, कवचासकट दोन महिने तरी लागतात. तो गर खायचा नसतो, मुलांना सांगून ठेवा. पिशवी उंच घ्या आणि पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच जमिनीत उतरवा, मूळ गोल फिरायच्या आत.

सुधारणा दिसायला एक अख्खा पावसाळा जातो, कधी दोन. आमच्या गेटजवळच्या झाडाचा बुंधा मी एका डिसेंबरमध्ये मोकळा केला, पुढच्या ऑक्टोबरला शेंडा परत थोडा वाळला आणि सेक्रेटरी म्हणाले, मॅडम, काही उपयोग झाला नाही. त्याच्या पुढच्या ऑक्टोबरला वाळला नाही. नोव्हेंबरमध्ये वॉचमनकाकांनी सकाळी सहाला इंटरकॉमवर सांगितलं की खाली पांढरी फुलं पडलीत, झाडू मारू का थांबू. मी म्हटलं थांबा, मी येते.